तुझं आणि सगळ्यांचं

२० नोव्हेंबर, बुधवार

रविवारी सकाळी मला दिलेल्या चहात काहीतरी होतं. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण घरात कोणी ते मान्य करायला तयार नाही.

आई पहाटे गेली. अंगणात माणसं जमायला लागली तेव्हा मी तिच्या पायाशी बसलो होतो. रडत नव्हतो, ओरडत नव्हतो, कोणाला काही बोललो नव्हतो. दीपकने, माझ्या धाकट्या भावाने, स्टीलच्या पेल्यात चहा आणून दिला. म्हणाला, "घे दादा, पोटात काही नाही तुझ्या." चहा कडवट लागला. तरी प्यायलो. त्यानंतरचं आठवतं ते एकदम संध्याकाळचं. मी मागच्या खोलीत खताच्या गोण्यांशेजारी पडलेलो आणि दीपक ओल्या केसांनी दारात उभा. सगळे तापीवरून परत आले होते.

मोठा मुलगा मी. अग्नी दीपकने दिला.

आज त्याला सरळ विचारलं, चहात काय टाकलं होतं? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काही नाही रे दादा. तुला तसं वाटलं."

मला आजार आहे, त्यामुळे माझ्याशी खोटं बोलणं फार स्वस्त पडतं. तुला तसं वाटलं, एवढं म्हटलं की झालं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. घरात तो शब्द कोणी घेत नाही. "समाधानची तब्येत" म्हणतात. बी.कॉम. होऊन बुऱ्हाणपूरला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे नोकरी करत होतो, तेव्हा सुरू झालं. दोन माणसं बोलतात. मी जे करतो ते एकमेकांना सांगत बसतात. हा बघ उठला, हा बघ चप्पल शोधतो, हा बघ याला वाटतं आपण शहाणे. गोळ्यांनी ती लांब जातात, बांधाच्या पलीकडे बोलत असल्यासारखी. पूर्ण जात नाहीत.

डॉक्टर म्हणाले होते, भरवशाचं एक माणूस धरा आणि शंका आली की त्याला विचारा. मी आईला धरलं. काही ऐकू आलं की तिला विचारायचो. ती हातातलं काम थांबवायची, मान तिरकी करून कान द्यायची आणि मग सांगायची. उत्तरं दोनच. "ते सगळ्यांचं आहे," म्हणजे खरंच कोणीतरी हाक मारली आहे, जा बघ. नाहीतर "ते तुझं आहे." खोटं आहे, भ्रम आहे, असं ती इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाही. तुझं आहे म्हटलं की मी ते माझ्याकडे ठेवायचो आणि कामाला लागायचो. केळीच्या बागेतलं ठिबक मी बघतो. त्यात आजवर चूक झालेली नाही.

आता चहाचं कोणाला विचारू? जिला विचारायचं तिलाच जाळायला गेले होते सगळे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दारावर माणसं येतच आहेत. आमच्या जसोंडी गावातली झाली, आता बाहेरगावची. मला सांगितलंय की मागच्या खोलीत बसायचं. "लोकांना कसंतरी वाटतं ना," हे इंदुबाई आत्याचं म्हणणं. आत्या तुकईथडहून आली आहे, तेरावं होईपर्यंत राहणार.

दुपारी मी मुद्दाम बाहेर येऊन बसलो. आत्या सांगत होती, रात्री तिला आईच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. शेजारचे शालिग्रामकाका म्हणाले, "मले तर ओसरीवर बसलेली दिसली पहाटे. हुबेहूब कोकिळाबाई. पान लावून राहिली होती." कोणीतरी डोळे पुसले. दीपकच्या सासऱ्यांनाही स्वप्न पडलं होतं. आई त्यांना पाणी मागत होती म्हणे.

मी म्हणालो, "मलाही आवाज येतात."

आत्या दीपककडे वळून म्हणाली, "याची गोळी दिली का रे?"

मी उठून खोलीत आलो. राग उतरायला संध्याकाळ झाली. खरं तर उतरलेला नाही.

अजून एक लिहायचं आहे. दीपकच्या बायकोचं, अर्चनाचं. मी तिचा भासरा, इकडे जेठ म्हणतात. आमच्यात भावजय भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. वीस वर्षं ती या घरात आहे. माझ्यासमोर डोक्यावर पदर, आवाज नाही. काही सांगायचं झालं तर आईमार्फत किंवा त्यांच्या मुलीमार्फत, सायलीमार्फत. आता आईचे दिवस व्हायच्या आत तिला कंठ फुटलाय. दारात कोणी आलं की स्वयंपाकघरातून मोठ्याने, "दूधवाला आला गं सायली!" सायली कॉलेजात असली तरी. भांडं पडलं तर, "परात पडली माझ्या हातून!" बाहेर कोणी माझं नाव घेतलं तर, "शालिग्रामकाका बोलून राहिले मोठे पप्पांबद्दल!" सगळ्या घरात जाहिरात. दुखवट्याच्या घरात असं ओरडतात का? मी काही बहिरा नाही. माझा त्रास नेमका उलट आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज दहावा. आई जिथे गेली त्या जागी काल रात्री आत्याने ज्वारीचं पीठ चाळून पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपलं पालथं घातलं. आमच्यात करतात. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं त्याची खूण सकाळी पिठावर उमटते.

सकाळी टोपलं उचललं. सगळे वाकले. आत्या म्हणाली, "पाखरू! पाखराचा पाय आहे, तीन बोटं बघा." शालिग्रामकाका म्हणाले, गाईचं खूर. दीपकचे सासरे म्हणाले, तुळशीचं पान स्पष्ट आहे. थोडा वाद झाला, मग पाखरावर एकमत झालं. सगळ्यांनी हात जोडले. दीपक रडला.

मी नीट पाहिलं. वाकून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. टोपल्याच्या काठाचा गोल उमटला होता. आत पीठ होतं.

आत्याने विचारलं, "तुला दिसलं ना बेटा? सांग."

मी म्हणालो, "पीठ दिसतं."

"नीट बघ."

"नीटच बघतो आहे. पीठ आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. "सख्ख्या आईचं पाऊल नाही दिसत याला! तब्येत खराबच झाली म्हणा." मागून कोणीतरी हसलं. ते हसणं माझं होतं की सगळ्यांचं, हे विचारायला कोणी नव्हतं.

म्हणजे यांना जे दिसतं ते मला दिसलं नाही तर मी वेडा. मला जे ऐकू येतं ते यांना आलं नाही तरी मीच वेडा. दोन्हीकडून माप माझंच काढायचं.

नंतर आत्याने जवळ बोलावून हळूच सांगितलं, "पाखरू होऊन गेली ती. तुझ्यात जीव होता तिचा, तुझ्याकडे येईल. काही बोलली तर ऐक. मेलेल्या आईचं ऐकायचं असतं, बेटा."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आली.

बागेत ठिबकचे वॉल फिरवत होतो. वाऱ्याने केळीची पानं फाटून लोंबतात, त्यांचा आवाज असतोच. त्यातून आली. "बाळा, दमला रे तू. किती गोळ्या खाणार? बरा झाला तू आता."

मी तिथेच मातीत बसलो. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

आई गेल्यापासून गोळी ताटात येते, मिठाशेजारी. आई हातात द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. आता ताट सायली आणते. "मोठे पप्पा, मम्मी बोलली की गोळी ताटात आहे, आधी खाऊन घ्या." गोळी काय लोणचं आहे? आणि रविवारी चहात घातलेली गोळी कुठली होती? हीच. मग ही मी का घ्यायची? आईला शेवटचं बघू नये म्हणून यांनी जी वापरली, ती मी रोज स्वतःच्या हाताने गिळायची?

आज शर्टाच्या खिशात ठेवली.

३० नोव्हेंबर, शनिवार

तेरावं काल झालं. आत्या गेली. जाताना माझ्या हातात लाल दोरा बांधून गेली.

गोळीशिवाय डोकं हलकं आहे. झोप लागत नाही, पण लागायला हवी असंही वाटत नाही. आई दिवसातून बऱ्याचदा बोलते. ती दोन माणसंही जवळ आली आहेत, पण आई आहे तोवर मला भीती नाही.

दीपक जेवायला बसतो आणि भाकरी कुस्करून उठतो. दिवसभर बागेत मोटरच्या खोलीत बसतो. काम काही करत नाही. घड वाकलेत, त्यांना टेकू द्यायचे राहिलेत, त्याकडे बघत नाही. मन खात असणार त्याचं. खाऊ दे.

२ डिसेंबर, सोमवार

अर्चना जे ओरडते ते ठरवून ओरडते. आज लक्ष ठेवलं. मी खोलीतून निघालो की तिचं सुरू. "भाजीवाली आली! इंदिरानगरची भाजीवाली!" कोणाला सांगते? सायली कॉलेजात, दीपक बागेत. घरात मी एकटा. म्हणजे ती त्या बोलणाऱ्या दोन माणसांना इशारा देते, हा निघाला म्हणून. नाव घेते, वस्तू सांगते, ती सगळी खूण आहे. "कुकरची शिट्टी झाली!" आता शिट्टी झालेली कोणाला कळत नाही?

आई म्हणाली, "हिच्या हातचं खाऊ नको."

३ डिसेंबर, मंगळवार

जेवलो नाही.

४ डिसेंबर, बुधवार

हे सावकाश लिहितो.

दुपारी आई म्हणाली, "अर्चनाने मला मारलं, बाळा. दवाखान्यात न्यायला हिनेच उशीर केला. जा, विचार तिला."

मी उठलो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गेलो. तिथे मी कधी उभा राहत नाही, ती एकटी असताना तर नाहीच. ती पीठ मळत होती. मला बघून तिने कोपराने पदर ओढला आणि सवयीने सायलीला शोधायला मान वळवली. सायली नव्हती. कोणीच नव्हतं.

मी म्हणालो, "आत्ता आई बोलली. ऐकलं ना?" माझा आवाज मोठा असणार, कारण ती भिंतीला टेकली.

मग तिने एक गोष्ट केली. पिठातले हात थांबवले, मान तिरकी केली आणि कान दिला. बराच वेळ ऐकत राहिली. नंतर पदर डोक्यावरून खांद्यावर पडू दिला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही दादा. मागे शालिग्रामकाकांचं ट्रॅक्टर चालून राहिलं, ते ऐकू आलं. बोरिंगवर कोणी बादली ठेवली, ती ऐकली. आई नाही. ते तुमचं आहे."

मी उंबऱ्यातच खाली बसलो.

हा शब्द तिला कुठून माहीत, कळत नाही. माझ्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एकच भिंत आहे, ती छतापर्यंत जात नाही. आई आणि मी बोलायचो तेव्हा पलीकडे भाकऱ्या थापल्याचा आवाज असायचा, एवढं आठवतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि त्या रविवारचा चहा?"

तिने पदर पुन्हा डोक्यावर घेतला, तोंड फिरवलं आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "ते सायलीच्या पप्पांना विचारावं. पण तुम्हाला तसं वाटलं, असं मी म्हणणार नाही."

मग हात धुतले, डब्यातून गोळी काढली, पेला भरला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "घ्या."

तेव्हा कळलं. आई मला कधी बाळा म्हणाली नाही. दमला रे तू, असंही नाही. आई म्हणायची, "गिळ. जीभ वर कर. जा आता." इतकी वर्षं मी गिळेपर्यंत जी जागची हलली नाही, ती बाई मेल्यावर दहा-बारा दिवसांत मत बदलेल? एवढं गोड बोलेल? पानाची पिंक टाकल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे. माझा संताप झाला. माझ्या आईचा आवाज चोरून कोणीतरी मला फसवायला आलं होतं.

गिळली. जीभ वर करून दाखवली. अर्चना लाजली आणि तोंड फिरवून उभी राहिली. पण आधी तिने बघितलं होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

बुऱ्हाणपूरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. अर्चनाने दीपकला सांगितलं आणि त्याने मोटरसायकलवर नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, गोळी थोडी वाढवली. म्हणाले, आई नसताना विचारायला कोण आहे? मी म्हणालो, आहे एक, पण ती माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरांना काही कळलं नाही.

लाल दोरा तोडून टाकला.

९ डिसेंबर, सोमवार

झोपतो आहे. तोंड कोरडं पडतं. ते दोघं पुन्हा बांधाच्या पलीकडे गेले. तो गोड आवाज एकदा आला, काल. मी त्याला म्हटलं, तू माझा आहेस, आई नाहीस. आणि टेकूच्या बल्ल्या रोवत राहिलो.

अर्चनाचं ओरडणं चालूच. आज तिला ऐकू जाईल असं सायलीला सांगितलं, "तुझ्या मम्मीला म्हणावं, हळू बोललं तरी चालेल." आतून उत्तर आलं, "बरं म्हणावं." आणि लगेच तेवढ्याच मोठ्याने, "पोस्टमन गेला पुढं, आपल्याकडे नाही आला!" सायली हसायला लागली. म्हणाली, "मोठे पप्पा, मम्मीचा रेडिओ बंद नाही होणार."

पोस्टमनची सायकल मलाही ऐकू आली होती. ती सायकलच होती, हे कळल्यावर उरलेली दुपार बरी गेली.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी मोटरच्या खोलीशी फिल्टर धूत होतो. दीपक आत बाजेवर पडलेला होता. एकाएकी धडपडत बाहेर आला. चेहरा पांढरा, पायात एकच चप्पल.

"दादा, ऐकू आलं का तुला?"

"काय?"

"आईने हाक मारली. दीप्या म्हणून. इथून, या केळीतून. खरंच, दादा. बिलकुल तिचाच आवाज." त्याने माझा दंड धरला. "परवापण आली होती. मी कोणाला बोललो नाही. दादा, मला पण ती तब्येत…"

मी हातातला फिल्टर खाली ठेवला. माझ्या जिभेवर एक वाक्य अगदी तयार होतं. याची गोळी दिली का रे? अंगणात सगळ्यांसमोर माझ्यावर टाकलेलं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं आणि आता ते टाकायला माणूसही समोर होता. हक्क होता माझा. अजूनही वाटतं की होता.

पण तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जसा मी आईच्या तोंडाकडे बघायचो. मी मान तिरकी केली आणि कान दिला. पानं वाजत होती. लांब कुठेतरी केळीचा ट्रक मागे घेत होते.

"नाही," मी म्हणालो. "मला नाही आलं. ते तुझं आहे."

"मतलब मी वेडा झालो का?"

"नाही. शालिग्रामकाकांना ती ओसरीवर दिसली, ते वेडे झाले का? मेलेल्या माणसाची हाक येते म्हणे पुष्कळांना. तुझं आहे, तुझ्याजवळ ठेव. खोटं आहे असं म्हणायचं नाही."

तो मटकन बांधावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला आईची पद्धत सांगितली. तुझं म्हणजे काय, सगळ्यांचं म्हणजे काय. इतकी वर्षं एका घरात राहून त्याला माहीत नव्हती. बायकोला माहीत होती आणि याला नाही.

तेवढ्यात बागेच्या तोंडाकडून आवाज आला, "डबा आणला! अर्चना आली डबा घेऊन!"

दीपकने दचकून माझ्याकडे पाहिलं. "हे?"

"हे सगळ्यांचं," मी म्हणालो. "गावाला ऐकू गेलं असेल."

तो हसला, नाक पुसलं. मग मी विचारलं. आवाज चढवला नाही, पण माझा राग त्याला दिसला असेल, कारण तो हसायचा थांबला.

"दीपक, त्या रविवारचा चहा. ते माझं आहे का?"

त्याने पायाखालचं ढेकूळ उचललं, हातात चुरलं, माती खाली सोडली. अर्चना डबा घेऊन पंधरा-वीस पावलांवर थांबली होती. पुढे येत नव्हती.

"आत्या बोलली, दोन गोळ्या टाक," तो म्हणाला. "बोलली, चितेपाशी याला काही झालं तर लोक काय बोलतील. मीच टाकल्या." मग खाली बघून, "ते तुझं नाही, दादा. ते सगळ्यांचं आहे."

मी फिल्टर उचलला, धुतला, पाईपला बसवला आणि वॉल उघडला. मग तिथेच बांधावर दोघांनी डबा खाल्ला. माझी गोळी त्यात होती, मिठाशेजारी.